बर्गमनचा ‘शेम’: जान बदलला, की आधीपासून असाच होता?

मधली_तार

(शेवटापर्यंतचं सगळं लिहिलंय. न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरावं.)

मी नाशिकात व्हायोलिन शिकवतो. सिनेमातलं फार कळतं असा दावा नाही. एका विद्यार्थिनीने “सर, यात नवराबायको दोघंही व्हायोलिनवादक आहेत” म्हणून स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा १९६८ सालचा ‘शेम’ आणून दिला. पावणेदोन तास वाट पाहिली, आता कुणीतरी गज हातात घेईल, मग घेईल. कुणी घेतला नाही. पार्श्वसंगीतही नाही. जान आणि ईव्हा बेटावर कोंबड्या पाळतात, लिंगनबेरी विकतात, आणि पुन्हा वाजवायला लागू या असं नुसतं बोलतात. पुढे युद्ध बेटावर येतं आणि सैनिक घरात शिरून व्हायोलिन फोडतात. तिथे मी लॅपटॉप मिटला आणि चहा टाकला. एकदा माझ्याच हातून वाद्य पडलं होतं, तारांखालचा ब्रिज सटकला, आतली आधाराची काठी, म्हणजे साउंडपोस्ट, लवंडली. तेव्हा दोन दिवस घास उतरला नव्हता.

माझा प्रश्न मात्र जानबद्दल आहे. सुरुवातीला हा माणूस दाढ दुखते म्हणून कुरकुरतो, जिन्यात बसून रडतो. पळून जाण्याआधी कोंबडी मारायला बंदूक उचलतो, तर तेवढंही जमत नाही. आणि शेवटी हाच जान एका पळून आलेल्या कोवळ्या पोरसवदा सैनिकाला मारून त्याचे बूट घेऊन येतो. मी म्हणतो, युद्धाने माणूस पार बदलला. बायको म्हणते, “बदलला कुठे? आता विचारणारं कुणी उरलं नाही, एवढंच.” दोन दिवस घरात हाच विषय आहे. तुम्हाला काय वाटतं?

बूथ_नंबर_३

मास्तर, जानचं नंतर बघू. मी डबिंगमध्ये आहे, मालिकांच्या. मला या सिनेमात भीती वाटली ती एकाच जागी. पॅराशूटने उतरलेले सैनिक ईव्हाला कॅमेऱ्यासमोर उभं करून तिची मुलाखत घेतात. ती बिचारी जे सुचेल ते बोलते. नंतर दुसऱ्या बाजूचे लोक तिला पकडून तीच फिल्म दाखवतात, तर ओठ तिचे आणि शब्द भलतेच! शत्रूचं स्वागत करणारे. हे आमचं रोजचं काम आहे हो. ओठ मिटतायत तिथे प-फ-ब-भ-म यातलं अक्षर बसवायचं, उघडे आहेत तिथे काहीही चालतं. मी आजवर शेकडो तोंडांत शब्द घातले असतील, पण त्यासाठी कुणाला जाब द्यावा लागेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

नवा_गडी

दोन्ही बाजू कोण, कशासाठी लढतायत, शेवटपर्यंत सांगितलंच नाही. मला तर अर्धवट वाटला.

जुना_सभासद

नवा_गडी, हा आक्षेप तेव्हाच येऊन गेलाय. व्हिएतनामचं युद्ध पेटलं होतं, आणि स्वीडनमध्ये लेखिका सारा लिदमन यांनी बर्गमन बाजू घेत नाही म्हणून सडकून टीका केली. मी पहिल्यांदा फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला तेव्हा मीही तुमच्यासारखाच वैतागलो होतो. आता वाटतं, बेटावरच्या माणसाला रणगाडा दिसतो, त्यावरचा झेंडा वाचायला उसंत कुणाला असते?

चित्रण स्वीडनच्या फोरो बेटावर, बर्गमन राहायचा तिथेच. कॅमेरा स्वेन निक्विस्टचा. खुद्द बर्गमनने नंतर लिहिलंय की पहिला अर्धा भाग त्याला फसलेला वाटतो, खरा सिनेमा दुसऱ्या अर्ध्यात आहे. मला हे पटत नाही. ती कुरकुर, ती दाढ, ती बेरी पाहिल्याशिवाय पुढचं अंगावर येणारच नाही.

माजघर

मास्तर, तुमच्या सौभाग्यवतींच्या बाजूने माझं एक मत. मात्र तुम्ही मधला सगळ्यात मोठा मुद्दा गाळलाय: पैसे.

याकोबी, म्हणजे त्यांच्या ओळखीचा तो महापौर, आपली साठवलेली रक्कम ईव्हाला देतो. थोड्या वेळाने विरुद्ध बाजूच्या फिलिपची, त्या ओळखीच्या कोळ्याची, माणसं त्याला धरतात, आणि ते पैसे दिले तर याकोबी सुटणार असतो. ईव्हा जानला विचारते. जान म्हणतो, मला माहीत नाही. पैसे त्याच्याच खिशात! मग त्यालाच बंदूक देऊन याकोबीला मारायला लावतात. पुढे होडीत जागा मिळवायला तेच पैसे तो मोजतो, तेही फिलिपलाच. पोराचे बूट फार नंतरचे. मनुष्य खिशात हात घालून “माहीत नाही” म्हणाला, तिथेच जे व्हायचं ते झालं.

आणि शेवटचं स्वप्न जान नाही, ईव्हा सांगते. होडी प्रेतांतून अडखळत चाललीय आणि ती जळत्या गुलाबांबद्दल बोलते, कडेवरच्या मुलीबद्दल. कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं, ते विसरले म्हणते. ईव्हा झालेल्या लिव्ह उलमानचा चेहरा तेवढा वेळ पाहा, जान कसा का असेना.

मधली_तार

माजघर ताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. चूक झाली. आता मला जेवताना “माहीत नाही” म्हणायची सोय उरलेली नाही.

पण तो प्रसंग काल रात्री पुन्हा लावला. जान झोपेतून उठतो, पलंगावर पैसे दिसतात, ते याकोबीने ईव्हाला कशाबद्दल दिले हे त्याला उमगतं. ईव्हाला हाका मारतो आणि लहान पोरासारखा रडतो. जान झालेला माक्स फॉन सिडोसारखा उंचापुरा गडी एवढासा दिसतो तिथे. मी बायकोला म्हटलं, बघ, हा अजून तोच जान आहे, जिन्यात बसून रडणारा.

ती म्हणाली, “हो, रडला. आणि पैसे कुठे गेले?”