डे प्लॅनरच्या टाइमलाइनवर तीनपैकी एकच ओळ दिसते

मसुदाबहाद्दर: ऑब्सिडियन या नोंदींच्या ॲपमध्ये रोजच्या नोटमध्येच दिवस आखायचा म्हणून डे प्लॅनर प्लगइन टाकलंय, ते नोटमधल्या वेळा टाइमलाइनवर मांडतं. आजची नोट अशी आहे:

\- [ ] १०:०० - ११:३० भाषांतराचा मसुदा
\- [ ] 12:00 प्रुफं
2:30 संपादकांना फोन

टाइमलाइनवर फक्त प्रुफं दिसतात. पहिली ओळ लॅपटॉपवर लिहिली, बाकीच्या फोनवरून. सिंकचा घोळ असेल का?

साधामजकूर: सिंकचा काही संबंध नाही, नोटमध्ये तिन्ही ओळी आहेत ना? पहिल्या ओळीतले आकडे बघा. लॅपटॉपवरचा मराठी कीबोर्ड देवनागरी आकडे टाकतो, आणि प्लगइन जावास्क्रिप्टवर चालतं. तिथल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातला नमुना ओळखायची पद्धत) 'आकडा' म्हणजे फक्त 0 ते 9. त्यामुळे '१०:००' ही त्याच्या लेखी वेळच नाही, नुसता मजकूर. कामाचं नाव खुशाल मराठीत लिहा, वेळ तेवढी इंग्रजी आकड्यांत.

तिसऱ्या ओळीत वेगळंच आहे. सुरुवातीला डॅश नाही, म्हणजे ती यादीतली नोंद नाही, साधा परिच्छेद आहे. डॅश दिलात तरी फोन पहाटे अडीचला लागेल (संपादक जागे असतील तर हरकत नाही!). 14:30 लिहा.

प्रुफांना संपायची वेळ दिलेली नाही, म्हणून सेटिंगमधला ठरीव कालावधी लागलाय. टाइमलाइनवरचा त्या कामाचा ठोकळा खालून ओढून मोठा केलात की नोटमधली वेळही बदलते. मला हे प्लगइन आवडतं ते एवढ्याचसाठी. खरं वेळापत्रक त्या मजकुराच्या फायलीतच असतं, टाइमलाइन फक्त ते दाखवते. उद्या प्लगइन काढून टाकलंत तरी दिवस वाचता येतोच.

कोरीपाटी: मी महिनाभर वापरून सोडलं. सकाळी अकरालाच सगळं कोलमडतं, मग दिवसभर ठोकळे सरकवत बसायचं. त्यापेक्षा कागदावर तीन कामं लिहिलेली बरी.

साधामजकूर: पंधरा-पंधरा मिनिटांचे ठोकळे केले तर कोलमडणारच. मी दिवसात चारपाचच्या वर वेळा घालत नाही, बाकी कामं त्याच नोटमध्ये वेळेशिवाय पडून असतात, ती टाइमलाइनच्या वाटेला जात नाहीत. शिवाय एक ठोकळा सरकवताना पुढचे आपोआप ढकलायची सोय आहे, ती वापरली नसावीत.

मसुदाबहाद्दर: आकडे बदलले, डॅश दिला, तिन्ही ओळी आल्या. आता ऑफिसच्या मीटिंगही इथेच दिसतील का? त्या वेगळ्या कॅलेंडरवर आहेत.

साधामजकूर: दिसतील. त्या कॅलेंडरची आयसीएस लिंक (दुसऱ्या ॲपला कॅलेंडर वाचता येईल असा पत्ता) मिळत असेल तर सेटिंगमध्ये चिकटवा. मीटिंग नुसत्या बघता येतात, इथून हलवता येत नाहीत. आणि ती लिंक कुणाला पाठवू नका, ज्याच्या हाती पडेल त्याला तुमचं अख्खं कॅलेंडर वाचता येतं.