इथिओपियात पगारी आरोग्य सेविका असूनही बालके लसीविना का राहतात?

जिज्ञासू यांचा प्रश्न

इथिओपियाने 2003 मध्ये आरोग्य विस्तार कार्यक्रम सुरू केला आणि दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक तरुणींना वर्षभराचे प्रशिक्षण देऊन सरकारी पगारावर नेमले. साधारण 5,000 वस्तीच्या प्रत्येक केबेलेत (तिथल्या सर्वांत लहान प्रशासकीय विभागात) अशा दोघी असतात. आपल्याकडे आशा कार्यकर्त्या बाळांना लसीकरण सत्रापर्यंत आणतात आणि लस एएनएम (उपकेंद्राच्या परिचारिका) टोचतात; तिथे या सेविका स्वतःच टोचतात. तरीही एकही लस न मिळालेली बालके सर्वाधिक असलेल्या देशांत इथिओपियाचे नाव का येते?

माळरान

गोवराची लस भुकटीच्या रूपात येते आणि द्रावकात मिसळल्यावर सहा तासांत संपवावी लागते. कुपी 10 मात्रांची आणि समोर बाळ एकच, अशा वेळी साठा मोजूनमापून मिळणारी सेविका काय करील? एका बाळासाठीही कुपी उघडावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण वाया गेलेल्या मात्रांचा जाब सेविकेलाच द्यावा लागत असेल, तर ती आईला पुढच्या सत्राला बोलावते, आणि डोंगर उतरून आलेली आई पुन्हा येईलच असे नाही.

उंबरठा

कुपीचा मुद्दा योग्य आहे, पण तो गोवर आणि क्षयरोगाची लस बीसीजी यांच्यापुरता. पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात अशा पाच रोगांवरची एकत्रित लस, द्रवरूप असते आणि उघडलेली कुपी नीट थंड ठेवल्यास 28 दिवस चालते. ‘एकही लस नाही’ हे मोजतात ते मात्र त्याच लसीच्या पहिल्या मात्रेवरून. त्यामुळे कुपीच्या हिशेबाने मध्येच गळणारी बालके समजतात, सुरुवातच न झालेली नव्हे. त्यांची कारणे निराळी आहेत. अफार आणि सोमाली प्रदेशांतील पशुपालक कुटुंबे चाऱ्यामागे फिरतात, आरोग्य चौकी मात्र जागीच राहते. प्रसूती घरी झाली की बाळ सेविकेच्या यादीतच येत नाही. टिग्रेमध्ये तर 2020 च्या नोव्हेंबरपासून दोन वर्षे युद्धच होते.

जिज्ञासू

आभारी आहे. म्हणजे फिरत्या कुटुंबांसाठी दोन सेविकांच्या जागी चार नेमल्या तरी फरक पडणार नाही?

उंबरठा

चौघीही चौकीतच बसणार असतील, तर नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांमुळे हा प्रश्न आपल्यालाही परका नाही: बाळाची नोंद एका गावी, मुक्काम दुसऱ्या जिल्ह्यातील फडावर. माता-बाल संरक्षण कार्ड आईजवळ असले तर तिथली एएनएम पुढची मात्रा देऊ शकते, परंतु त्यासाठी फडावर सत्र लागले पाहिजे.