"४४९ ऐवजी २९९" – घ्यावा का? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-६०३ (डेंटिस्ट): आमच्या संघटनेचं पत्रक आलंय. सभासदांसाठी पोस्टपेड प्लॅन, महिना २९९. कॉल अमर्याद, ४० जीबी डेटा, रोज १०० एसएमएस. खाली ठळक अक्षरांत "४४९ ऐवजी २९९". शनिवारपर्यंत नावं द्यायची आहेत. ग्रुपवर सीए आहेत, टेलिकॉमवाले आहेत म्हणून विचारते. घ्यावा का?

ए-२०४ (सीए): पोस्टपेडचा भाव पत्रकात कर सोडून छापतात, प्रीपेडचा करासकट. १८% जीएसटी धरला की २९९ चे ३५२.८२ होतात. वर्षाचे ४२३३.८४.

बी-६०३: म्हणजे महागच की!

ए-२०४: आत्ता काय वापरता त्यावर आहे. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे भाव धरतो, आजचे ॲपवर ताडून घ्या.
४४९ चा साधा पोस्टपेड असेल तर करासकट ५२९.८२, वर्षाचे ६३५७.८४. संघटनेच्या प्लॅनमध्ये २१२४ वाचतात.
२८ दिवसांचं ३४९ चं रिचार्ज करत असाल तर वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज लागतात. ४५३७. इथे वाचतात जेमतेम ३०३.
आणि ३५९९ चं वर्षाचं रिचार्ज मारत असाल तर ही "सवलत" तुम्हाला ६३५ रुपयांनी महाग पडते. पत्रकात तुलना ४४९ शी केलीय, कारण तिथेच आकडा देखणा दिसतो.

बी-१०२: आणि ३५९९ मध्ये रोज २ जीबी. कुठे ४० जीबी महिन्याला!

ए-२०४: रोजचे २ जीबी रात्री बारा वाजता शून्य होतात. पोस्टपेडचे ४० जीबी महिनाभर कधीही वापरा. घरी आणि क्लिनिकमध्ये वायफाय असेल तर ४० संपत नाहीत. रोज लोकलमध्ये व्हिडिओ बघणाऱ्याला मात्र पुरायचे नाहीत. अमर्याद फाइव्ह-जी आहे का ते वेगळं विचारा. प्रीपेडमध्ये ते रोज २ जीबी किंवा जास्त डेटा असलेल्या प्लॅनवर मिळतं, संघटनेच्या प्लॅनमध्ये ते धरलेलं असेलच असं नाही.

सी-४०२ (टेलिकॉम, कॉर्पोरेट विभाग): डॉक्टर, पैशाचं नंतर बघू. फॉर्म आलाय का हातात? पहिल्या पानावर ग्राहकाच्या नावाच्या रकान्यात काय छापलंय ते बघा. तुमचं नाव की संघटनेचं?

बी-६०३: थांबा... ग्राहक म्हणून संघटनेचं नाव आहे. माझं नाव खाली "एंड यूजर" मध्ये.

सी-४०२: तिथेच मेख आहे. अशा प्लॅनचे तीन प्रकार असतात. सीओसीपी: नंबर कंपनीचा, बिलही कंपनी भरते. सीओआयपी: नंबर कंपनीचा, बिल तुम्ही भरायचं. आयओआयपी: नंबर तुमचा, बिल तुमचं, संघटनेचं फक्त सभासद असल्याचं पत्र. कंपनी म्हणजे इथे तुमची संघटना. सवलत तिन्हींत मिळू शकते, पण तुमच्यासारख्यांनी तिसऱ्याशिवाय सही करू नये.
कारण तुमचा हा नंबर आधारला, बँकेला, पॅनला जोडलेला आहे. तो संघटनेच्या नावावर गेला की मालक संघटना. सिम हरवलं तर डुप्लिकेट सिमसाठी संघटनेच्या अधिकृत सहीचं पत्र. पोर्ट करायचा (नंबर तोच ठेवून मोबाईल कंपनी बदलायची) तरी पत्र. सभासदत्व सोडलं तर नंबर आपल्या नावावर करून घ्यायलाही पत्र. मधल्या काळात कमिटी बदलली आणि नव्या अध्यक्षांची सही टेलिकॉम कंपनीकडे नोंदवलेलीच नसली, की ते पत्र चालत नाही. सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे.
बिल एकत्र येत असेल (सीओसीपी) तर आणखी एक. संघटनेचा चेक उशिरा गेला तर वेळेवर पैसे दिलेल्यांचंही आउटगोइंग बंद होतं.

बी-६०३: पण केवायसी माझंच करणार आहेत. आधार, फोटो सगळं.

सी-४०२: २०२३ मध्ये नियम बदलला. "बल्क कनेक्शन" जाऊन "बिझनेस कनेक्शन" आलं आणि प्रत्येक वापरणाऱ्याचं केवायसी सक्तीचं झालं. ते तुम्ही कोण आहात याची नोंद आहे, मालकीची नाही. "केवायसी माझं म्हणजे नंबर माझा" असं समजून बरेच जण सही करतात.

ए-२०४: जीएसटीवाल्यांनी लक्ष द्या. बिल संघटनेच्या जीएसटी नंबरवर निघालं तर तुम्हाला क्रेडिट शून्य. आर्किटेक्ट, सीए, क्लासवाले यांची नोंदणी असेल, बिलावर स्वतःचा जीएसटी नंबर असेल आणि फोन धंद्यासाठी असेल, तर १८% परत मिळतो. मग २९९ म्हणजे खरंच २९९.
डॉक्टर, तुम्हाला हे लागू नाही. उपचारसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे क्रेडिटही नाही. स्वतंत्र वकिली करणाऱ्यांचंही तेच, कर लागतो तिथे तो अशील भरतो.

बी-५०१ (वकील): बरोबर. आणि इन्कम टॅक्समध्ये खर्च दाखवू म्हणाल, तर सोप्या पद्धतीने निम्मं उत्पन्न नफा धरून रिटर्न भरणाऱ्याला फोनचं बिल वेगळं दाखवता येत नाही.

ए-१०१ (काका, निवृत्त टेलिफोन खातं): सीयूजी (सभासदांचा बंद गट) म्हटलं की लोक "आपापसात कॉल फुकट" म्हणून खूश होतात. मिनिटाला पैसे पडायचे तेव्हा त्याला अर्थ होता. आता सगळ्यांचेच कॉल अमर्याद. पत्रकात तशी ओळ असली तर तिची किंमत शून्य धरा.
दुसरं, सर्कल (मोबाईल सेवेसाठी पाडलेला विभाग) बघा. आपण डोंबिवलीत, म्हणजे मुंबई सर्कल. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण एवढंच त्यात येतं. पुणे, नाशिक, नागपूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. संघटनेचं कार्यालय पुण्यात असेल तर तिने करार कोणत्या सर्कलसाठी केलाय ते विचारा.

सी-४०२: काकांचा मुद्दा पक्का. एकाच सर्कलमध्ये पोर्टला ३ कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये ५. कॉर्पोरेट नावावरचा नंबर बाहेर काढायलाही ५.

बी-६०३: समजा आयओआयपी दिलं. मग करायचं कसं?

सी-४०२: आधी बघा, प्लॅन ज्या मोबाईल कंपनीचा आहे तीच तुमची आत्ताची कंपनी आहे का. असेल तर पोर्टची गरजच नाही, प्रीपेडचं पोस्टपेड करायचं आणि वर संघटनेचं पत्र जोडायचं.
कंपनी वेगळी असेल तर मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट लिहा, एक जागा सोडा, दहा आकडी नंबर टाका आणि १९०० ला पाठवा. आठ अक्षर-अंकांचा यूपीसी कोड येतो. तो ४ दिवस चालतो, म्हणून नव्या कंपनीचा एजंट यायच्या दिवशीच काढा. आठवडाभर आधी काढून ठेवलेला कोड मरतो आणि मग "तुमचा कोड चुकीचा आहे" ऐकावं लागतं.
कोडच आला नाही तर कारणं ठरलेली. आत्ताच्या कंपनीत ९० दिवस झाले नसतील. पोस्टपेडचं जुनं बिल थकलं असेल. नाव बदलायचा अर्ज मधेच अडकला असेल. किंवा गेल्या ७ दिवसांत सिम बदललेलं असेल, हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे.
पोर्टचा अर्ज दिल्यावर मन बदललं तर २४ तासांत रद्द करता येतो. नंतर नाही.

ए-२०४: आणि वार्षिक रिचार्जचे पाच महिने उरले असतील तर ते पोर्टबरोबर बुडतात. ते पैसेही हिशोबात धरा.

सी-४०२: बदल रात्री होतो, चारेक तास नंबर बंद राहतो. दुसऱ्या दिवशी यूपीआय ॲप नव्या सिमवर पुन्हा नोंदवावं लागतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ईएमआय आणि भाडं जायच्या वेळी हे करू नका. पहिलं बिल अर्धवट महिन्याचं असल्याने आकडा विचित्र दिसेल, घाबरू नका.

बी-१०२: आपल्या बिल्डिंगमध्ये त्या कंपनीची रेंज तर हवी!

सी-४०२: अगदी. शेजाऱ्याचं सिम दोन तास मागून घ्या. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, अबाऊट फोन, सिम स्टेटस. तिथे उणे आकडा दिसतो. -९० किंवा त्याहून शून्याकडे असेल तर उत्तम, -११० पेक्षाही शून्यापासून लांब गेला तर कॉल तुटणार. बेडरूम, लिफ्ट आणि खालच्या पार्किंगमध्ये बघा. क्लिनिकमध्ये एक्स-रेच्या खोलीतही बघा. रेंज कमी असेल तर वायफाय कॉलिंग चालू करून बघा, ते चाललं तर प्रश्न मिटला.

सी-३०३: माझ्या सासूबाईंना नेट लागतच नाही. त्यांना पण असा प्लॅन मिळेल का?

ए-१०१ (काका): सूनबाई, त्यांना संघटनेचा प्लॅन कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने (टेलिकॉम कंपन्यांचं नियामक) फक्त कॉल-एसएमएसची पॅक ठेवायला लावली. जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने १८४९ चं ३६५ दिवसांचं आणलं, जिओने १७४८ चं ३३६ दिवसांचं. दिवस मोजून घ्या, दुसऱ्यात महिना कमी आहे. आणि त्यांच्या फोनचा मोबाईल डेटा बंद करून ठेवा, पॅकमध्ये डेटा नाही.

बी-६०३: मी संघटनेच्या सचिवांना ईमेल करते. नंबर माझ्या नावावर राहणार का, बिल माझ्या नावाने येणार का, करार कोणत्या सर्कलचा, फाइव्ह-जी आहे का, आणि सभासदत्व संपलं तर कोणता दर लागणार.

सी-४०२: शेवटचा प्रश्न मस्त. त्याचं उत्तर लेखीच घ्या. सवलत किती महिन्यांची आहे तेही त्यातच विचारा.

डी-२०१: आमच्या हॉस्पिटलमध्ये पण हाच प्लॅन आलाय, मी मेसेज पाठवून बघितला. हा कोड आला बघा: [हा संदेश डिलीट केला आहे]

सी-४०२: अहो! यूपीसी ग्रुपवर टाकू नका. ओटीपीसारखाच समजा.

डी-२०१: डिलीट केला.

ए-१०१ (काका): दिसला होता सगळ्यांना. चार दिवसांत आपोआप मरेल, तोवर पोर्टबद्दल काही मेसेज आला तर लगेच कंपनीला फोन करा.

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत, ९ ते १ पाणी नाही. बाकी चालू द्या.