यूएसबी स्विचचा बोर्ड बनवलाय, कीबोर्ड चालतो पण वेबकॅम नाही

टेबलावरचा_पसारा:
नमस्कार मंडळी. ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचा पीसी एकाच टेबलावर, आणि दिवसातनं दहादा वायर काढा-घाला करून लॅपटॉपचं पोर्ट ढिलं झालंय, म्हणून कीबोर्ड-वेबकॅम दोघांत फिरवायला किकॅडमध्ये (सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर) स्वतःच बोर्ड काढला. ड्रॉवरमध्ये सीडी४०५३ (साधी अ‍ॅनालॉग स्विचची आयसी) पडली होती तीच लावली, यूएसबीच्या डेटाच्या दोन वायरी, डी प्लस आणि डी मायनस, तिच्यातून फिरवल्या, पाच व्होल्ट आणि ग्राउंड दोन्हीकडचे सरळ जोडून टाकले. कीबोर्ड मस्त चालतो, पण वेबकॅम लावला की विंडोज म्हणतं डिव्हाइस ओळखता येत नाही. दुसरं म्हणजे पीसी भिंतीवरच्या बटणापासून बंद केला तरी कॅबिनेटचा लाल एलईडी मंद मिणमिणत राहतो 😅 डेटाच्या दोन ट्रेसची (बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा) लांबी जुळवायला दोन संध्याकाळी बसून नागमोडी साप काढलेत. बोर्ड टू-लेअर (तांब्याचे दोन थर), जाडी १.६ मिमी. कुठे चुकलं?

फ्लक्सची_बाटली:
वेबकॅम राहू दे, तो एलईडी आधी बघ. लॅपटॉपचे पाच व्होल्ट उलटे बंद पीसीत घुसतायत. हा बोर्ड तसाच लावून ठेवू नकोस बाबा, एखादं पोर्ट जाईल.
प्रत्येक बाजूच्या पाच व्होल्टवर पी-चॅनल मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) टाक आणि निवडलेल्या बाजूचाच चालू ठेव. फायदा असा की बाजू बदलताना करंट क्षणभर तुटतो, डिव्हाइस नव्याने सुरू होतं आणि दुसरा कॉम्प्युटर त्याला नीट ओळखतो.

टेबलावरचा_पसारा:
शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा) नाही चालणार? ते घरात आहेत.

फ्लक्सची_बाटली:
उलटा करंट थांबेल, पण ०.३-०.४ व्होल्ट तिथेच जातील आणि दोन्ही मशीन चालू असताना डिव्हाइसचा करंट तुटणारच नाही. आणि मॉसफेट एकेक नको, एका बाजूला दोन, पाठीला पाठ लावून. एकट्याच्या आत बॉडी डायोड (जन्मजात डायोड) असतो, कसाही लावला तरी एका दिशेने गळतोच. मी पहिल्यांदा एकच लावला होता, असाच एलईडी बघत बसलो होतो.

दोन_पैशाचं_मत:
भाऊ एवढं कशाला, पुण्यात असशील तर तापकीर गल्लीत जा, तयार स्विच घे, विषय संपला.

ओहमवाला:
मग शिकणार कधी? 🙂
वेबकॅमचं कारण ४०५३. कीबोर्ड १.५ एमबीपीएसवर चालतो, तिथे काहीही खपतं. हाय-स्पीड म्हणजे ४८० एमबीपीएस, आणि पाच व्होल्टवर ४०५३ चा रेझिस्टन्स शेकडो ओहम, सिग्नल तिथेच मेला. याच कामासाठी बनवलेली आयसी घे, एफएसयूएसबी४२, तिचा चार-पाच ओहमच्या आसपास असतो. एमएसओपी-१० पॅकेज (बाहेर पाय असलेलं) मागव म्हणजे हाताने सोल्डर होईल. फक्त तिला थेट पाच व्होल्ट देऊ नको, ४.४ च्या वर चालत नाही, छोटा ३.३ चा रेग्युलेटर लाव.
आणि ते साप पुस. एक बिट जवळपास २ नॅनोसेकंदांचा, तेवढ्यात सिग्नल बोर्डवर तीसेक सेंटिमीटर जातो, एक-दोन मिलिमीटरने काय होतंय. जोडी जवळजवळ ठेव, लेअर बदलू नको, खाली ग्राउंड अखंड राहू दे. जोडीचा इम्पीडन्स (सिग्नलला जाणवणारा अडथळा) ९० ओहम हवा खरा, पण १.६ मिमीच्या टू-लेअरवर त्यासाठी ट्रेस फारच रुंद होतात. दोन-तीन सेंटिमीटरच जायचं असेल तर चालून जातं, नाहीतर सरळ फोर-लेअर कर.
लॅपटॉपकडे टाइप-सी टाकणार असशील तर त्याच्या सीसी१ आणि सीसी२ पिनांना (काय जोडलंय ते ओळखायच्या) वेगवेगळा ५.१ के ओहमचा रेझिस्टर. रास्पबेरी पाय ४ (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) च्या २०१९ मधल्या पहिल्या बोर्डांवर दोन्हींना मिळून एकच होता, आणि चिपवाल्या केबलने तो चालूच व्हायचा नाही.

टेबलावरचा_पसारा:
आत्ता मीटर लावला, बंद पीसीच्या पुढच्या पोर्टवर ३.९ व्होल्ट 🙈 वायर उपटून ठेवलीय. मॉसफेट आठ आणि आयसी पाच मागवतोय, दोन तर माझ्या हातून जळणारच.