मदत हवी आहे: जर्मनीत पीआर (कायम राहण्याचा परवाना) ठेवू की ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना भारताकडून मिळणारं कार्ड) घेऊ?

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याकडची, नवरा जर्मन, राहतो श्टुटगार्टजवळ. जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली, तेव्हापासून सासूबाईंचा एकच धोशा: "आता घेऊन टाक." त्यांना कसं समजावू की इकडून परवानगी असली तरी तिकडून नाही! जर्मन नागरिकत्व मिळालं की भारतीय आपोआप संपतं, पासपोर्ट सरेंडर करायचा आणि ओसीआय कार्डासाठी अर्ज करायचा.

पीआर माझ्याकडे आहे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की ती सहसा रद्द होते, पण जर्मन जोडीदारासोबत संसार चालू असेल तर सूट आहे म्हणे. म्हणजे घाई नाही. पण इथे मत देता येत नाही, ते खटकतं.

खरी अडचण शेताची. बाबांच्या सातबाऱ्यावर उद्या माझंही नाव लागेल. वारसाहक्काने शेतजमीन ओसीआयवाल्याला मिळते, विकत मात्र घेता येत नाही. तसं एनआरआयलाही घेता येत नाहीच, पण भारतीय पासपोर्ट असेल तर कायमचं परतल्यावर मार्ग मोकळा होतो. आणि आम्हाला दहा-पंधरा वर्षांनी परतायचंय (निदान मला तरी).

कुणी ओसीआयवर वारसनोंद केली आहे का? तलाठ्याने कोणते कागद मागितले? पुढे वाटणी किंवा विक्री करताना काही अडलं का? वकिलाचा सल्ला घेणारच आहे, आधी अनुभव ऐकायचेत.