गिटमधल्या ‘स्टॅश’ला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा, टिळकवाडी
कॉलेजच्या पोरांसाठी गिटची (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) मराठी टिपणं काढतोय. कमिट (बदल इतिहासात नोंदवणं), ब्रँच (कामाची वेगळी शाखा), मर्ज (शाखा एकत्र करणं) हे शब्द तसेच ठेवलेत, त्यावर वाद नको. पण ‘गिट स्टॅश’ काय करतं ते सांगायला क्रियापद हवं. काम अर्धवट असताना दुसऱ्या ब्रँचवर तातडीची दुरुस्ती येते. अर्धं काम कमिट करायचं नाही, घालवायचंही नाही. मी ‘तात्पुरती साठवणूक’ लिहिलंय, पण फारच सरकारी वाटतं.

उत्तर, शहापूर
‘बासनात गुंडाळणे’ घ्या की! आमच्या ऑफिसात निम्म्या स्टॅशांचं तेच होतं.

उत्तर, निपाणी
म्हणूनच नको. बासनात गेलेलं परत निघत नाही. ‘बाजूला सारणे’मध्ये दुर्लक्ष आलं. ‘तहकूब’ सभा होते, कोड नव्हे. साधा ‘ठेव’ शब्द का नको?

उत्तर, टिळकवाडी
‘ठेव’ म्हटलं की आपल्याकडे पतसंस्था आठवते. बँकेच्या कन्नड पाटीवरसुद्धा ‘ठेवणी’च असतं, आपल्याकडूनच गेलेला शब्द. शिवाय ठेव दुसऱ्याकडे ठेवतात. स्टॅश आपल्याच मशीनवर राहतो, ब्रँच पुश करून सर्व्हरवर पाठवली तरी तो तिथे जात नाही. पोरगं ऑफिसात स्टॅश करून घरच्या लॅपटॉपवर शोधत बसायचं.

उत्तर, खानापूर
नाम शोधताय म्हणून अडलंय. क्रियापद जोडून बघा. स्टॅश म्हणजे बदल काढून ठेवणे. फायली शेवटच्या कमिटच्या स्थितीत जातात, म्हणजे बदल ‘काढले’. आणि ते जपले, म्हणजे ‘ठेवले’. दोन्ही अर्थ आले. स्टॅशच्या पुढच्या आज्ञांत पॉप म्हणजे काढून घेणे: बदल फायलीत परत येतात आणि स्टॅशच्या यादीतून ती नोंद जाते. ड्रॉप म्हणजे काढून टाकणे. अप्लाय तेवढं निराळं, त्याला ‘लावून बघणे’ म्हणा, कारण बदल लागतात पण नोंद जागेवरच राहते.

गंमत म्हणजे आमच्या टीममधल्या कन्नड मंडळींना हे न शिकवता कळलं. त्यांच्याकडे तेगेदिडु, तेगेदुको, तेगेदुहाकु, अगदी हीच तिकडी. ठेव, घे, टाक. साहाय्यक क्रियापदावर सगळा भार टाकायची खोड दोन्ही भाषांना आहे, मग वापरू या की.

उत्तर, शहापूर
पटलं. मात्र टिपणात ‘सगळे बदल काढून ठेवतो’ असं लिहू नका. नवी, अजून ॲड न केलेली (गिटच्या नोंदीत न घेतलेली) फाईल नुसत्या स्टॅशने जागची हलत नाही, तिच्यासाठी ‘गिट स्टॅश पुश डॅश यू’ लागतं. स्टॅश एकावर एक रचले जातात, त्या रचनेच्या ‘स्टॅक’ या शब्दाला मात्र ‘उतरंड’च घ्या. शेवटी चढवलेलं मडकं आधी उतरतं, पॉपही तसंच. फरक एवढाच की इथे नंबर सांगून मधलंही काढता येतं.

उत्तर, निपाणी
नावांचा घोळ खुद्द गिटवाल्यांनाही चुकलेला नाही. 2007 मध्ये 1.5.3 आवृत्तीत स्टॅश आलं. पुढे ठेवण्यासाठी ‘स्टॅश सेव्ह’ वापरायचे. 2017 मध्ये 2.13 ला ‘स्टॅश पुश’ आणलं आणि सेव्ह मागे पडलं. आता नवशिक्याला वाटतं पुश म्हणजे सर्व्हरवर गेलं! त्यापेक्षा आपलं ‘काढून ठेव’ बरं.

उत्तर, टिळकवाडी
घेतलं. फक्त ‘बदल काढून ठेव आणि ब्रँच बदल’ या वाक्यात दोन ‘बदल’ येतात, तिथे ‘ब्रँच पालट’ करतो.

उत्तर, शहापूर
चालेल. एक धोका सांगून ठेवतो: ‘काढून ठेव’ आणि ‘काढून टाक’ फोनवर सारखंच ऐकू येतं. ‘तुम्हीच टाक म्हटलासा की’ म्हणून पोरगं मोकळं. तेव्हा फोनवर सरळ ‘स्टॅश मार’ म्हणा.

उत्तर, खानापूर
टाकलंच कुणी, तर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) बंद करू देऊ नका. ड्रॉप करताना गिट त्या नोंदीचा लांबलचक हॅश (ओळख-क्रमांक) छापतं. ‘गिट स्टॅश अप्लाय’पुढे तो हॅश दिला की बदल परत येतात. स्क्रीन पुसली असेल तर ‘गिट एफएससीके डॅश डॅश अनरीचेबल’ने शोधता येतो, पण गिटची साफसफाई व्हायच्या आत. हेही टिपणात घाला.