‘रेड डॉन’ : १९८४ चा दाखवावा की २०१२ चा?

प्रश्न – कोथरूडकर
आमच्या सोसायटीत अकरावी-बारावीच्या मुलांना दर महिन्याला एक चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घेतली जाते. या वेळी परकीय आक्रमणाशी झुंजणाऱ्या तरुणांची कथा असलेला ‘रेड डॉन’ निवडला आहे. परंतु जॉन मिलियस यांचा १९८४ चा मूळ चित्रपट घ्यावा की ख्रिस हेम्सवर्थ असलेला २०१२ चा, यावर एकमत होत नाही. मुलांचा ओढा नव्याकडे आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर – चित्ररसिक
निःसंकोचपणे मूळ चित्रपट दाखवा. नव्यातील चकमकी वेगवान आहेत, पण त्याचे चित्रीकरण २००९ मध्ये झाले तेव्हा आक्रमक चिनी होते आणि पुढे चीनची बाजारपेठ गमावण्याच्या धास्तीने ध्वज व चिन्हे संगणकावर बदलून त्यांना उत्तर कोरियाचे करण्यात आले. एवढ्या सहजपणे ज्याचा देश बदलता येतो, त्या शत्रूला कथेत स्वतःचे असे काहीच नव्हते, हे उघड आहे. याउलट जुन्या चित्रपटातील क्यूबाचा कर्नल बेला पाहा. एकेकाळी तो स्वतःच बंडखोर होता. आता ताब्यात घेतलेल्या गावावर पहारा ठेवण्याचे काम त्याच्या वाट्याला आले आहे आणि त्याचा वीट त्याच्या चेहऱ्यावर दिसत राहतो. जखमी भावाला उचलून नेणारा, तरुणांच्या टोळीचा म्होरक्या जेड समोर येतो, तेव्हा बेला रोखलेली बंदूक खाली घेतो. मला तर संपूर्ण चित्रपट त्या एका क्षणासाठी पुन्हा पाहावासा वाटतो.

उत्तर – शनिवार पेठ
सहमत आहे, मात्र शीतयुद्धातील अमेरिकेची भीती त्यात पुरेपूर उतरली आहे, हे मुलांना आधी सांगावे. चर्चेसाठी टोळीतील डॅरिलचा प्रसंग घ्यावा. शत्रूने त्याच्या पोटात माग काढणारे यंत्र घातल्याचे कळल्यावर, लहानपणापासूनच्या या मित्राचे काय करायचे, असा पेच टोळीपुढे उभा राहतो. जेडचा हात अडखळतो आणि गोळी टोळीतलाच रॉबर्ट झाडतो. पुण्याच्या मुलांना हा पेच परका वाटणार नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर हल्ला केला आणि पुढे त्यांची खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना वासुदेव चाफेकर व महादेव रानडे यांनी फेब्रुवारी १८९९ मध्ये ठार मारले. फितुरीची शिक्षा कोणी द्यायची आणि देणाऱ्याच्या मनाचे पुढे काय होते, यावर मुले नक्की बोलतील.

उत्तर – कोथरूडकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. हिंसाचारामुळे काही पालक साशंक आहेत. पण अमेरिकेत ‘पीजी-१३’ (तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारे) हे प्रमाणपत्र घेऊन प्रदर्शित झालेला हा पहिलाच चित्रपट असल्याने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना तो दाखवण्यास हरकत नसावी.

उत्तर – चित्ररसिक
हरकत नाहीच. जमल्यास नव्या चित्रपटातील स्पोकेन शहरावर छत्रीधारी सैनिक उतरतात तेवढाच भाग शेवटी दाखवा. जुन्यात इतिहासाचा तास चालू असताना तेच सैनिक वर्गाच्या खिडकीबाहेर उतरतात; दोन्हींपैकी कोणत्या प्रसंगात अधिक धडकी भरली, हे मुलांनाच विचारावे.